पी३एचटीचा ट्रान्झिस्टर: द्रावणातून पातळ थर, थरातून चालणारं उपकरण

पॉलिमर ट्रान्झिस्टर बनवायला बसलेल्या बहुतेकांचं सगळं लक्ष पॉलिमरवर असतं: कुठला घ्यायचा, किती शुद्ध, किती महाग. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरमधला प्रवाह त्या ४०-५० नॅनोमीटर जाड थराच्या अगदी तळाच्या काही नॅनोमीटरमध्ये, म्हणजे खालच्या सिलिकॉन ऑक्साइडला चिकटलेल्या एक-दोन रेण्वीय थरांमध्येच वाहतो. वरचा सगळा थर जवळपास प्रेक्षक असतो. त्यामुळे पॉलिमर टाकण्याआधी ऑक्साइडचा पृष्ठभाग कसा तयार केला, यावर निकालाचा मोठा भाग ठरतो. म्हणून या लेखात पृष्ठभागाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून पी३एचटी, म्हणजे पॉली-३-हेक्झिलथायोफीन, घेतलं आहे. याहून कितीतरी जास्त मोबिलिटी (थरातून प्रभार किती सहज सरकतात याचं माप) देणारे पॉलिमर आज मिळतात. पण पी३एचटी सहज मिळतो, त्याच्याविषयी माहिती भरपूर आहे आणि चूक झाली की तो ती लपवत नाही. शिकायला यापेक्षा चांगला पदार्थ नाही.

अपेक्षा किती ठेवायची

पॉलिथायोफीनचा पहिला ट्रान्झिस्टर १९८६ मध्ये जपानमध्ये मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत झाला. त्याची मोबिलिटी ०.००००१ चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदच्या आसपास होती. (पुढे मोबिलिटीचे सगळे आकडे याच एककात आहेत.) १९९६ मध्ये बेल लॅब्जने रेजिओरेग्युलर (साखळीवरच्या हेक्झिल शेपट्या एकाच दिशेने जोडलेला) पी३एचटी वापरून ती ०.०४५ पर्यंत नेली. १९९९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ०.१ गाठलं आणि त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दाखवली: पॉलिमरच्या साखळ्या ऑक्साइडवर कडेवर उभ्या राहिल्या की मोबिलिटी मिळते, आणि आडव्या पसरल्या की ती शंभरपटीहून जास्त घसरते. पदार्थ एकच, फरक फक्त रेणू कसे बसले याचा.

पहिल्या काही चिप्सवर ०.००५ ते ०.०२ आलं तर काम बरोबर चाललं आहे. ०.०५ च्या वर सातत्याने येऊ लागलं की हात बसला. ०.५ आलं तर आनंद मानण्याआधी गणित तपासा. चूक कुठे असते ते सोनं आणि मोजमाप या भागांत सांगितलं आहे.

साहित्य

गेट (प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रोड) आणि आधार म्हणून जास्त डोप केलेला एन-प्रकारचा सिलिकॉन वेफर घ्या, वर ३०० नॅनोमीटर औष्णिक ऑक्साइड असलेला. या ऑक्साइडची धारिता दर चौ. सेंमीला ११.५ नॅनोफॅरॅड येते. वेफरचे १५ × १५ मिलिमीटरचे तुकडे करा. हिऱ्याच्या टोकाने फक्त कडेला छोटी खाच पाडा आणि स्फटिकाच्या दिशेने, म्हणजे वेफरच्या सपाट कडेला समांतर किंवा काटकोनात, तोडा. पूर्ण रेघ ओढली की सिलिकॉनची पूड ऑक्साइडवर पसरते आणि नंतर कितीही धुतली तरी थोडी उरतेच.

पी३एचटीची रेजिओरेग्युलॅरिटी ९५ टक्क्यांच्या वर हवी. रेण्वीय वजन २० ते ५० हजारांच्या दरम्यान ठेवा. कमी वजनाचा पॉलिमर सहज विरघळतो, थरही गुळगुळीत देतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण २००३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये झालेल्या कामात वजन ३.२ हजारांवरून ३६.५ हजारांवर गेल्यावर मोबिलिटी हजारो पटींनी वाढली होती. बाटलीवरचं बॅचचं प्रमाणपत्र फेकू नका. महिन्याभराने आकडे बदलले की पहिला प्रश्न ‘बॅच कुठली’ हाच असतो.

याशिवाय निर्जल टोल्युइन, क्लोरोफॉर्म, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन (पुढे ओटीएस), ०.४५ मायक्रोमीटरचे पीटीएफई फिल्टर, ५० नॅनोमीटर थराला पुरेल एवढं सोनं आणि चॅनेलचा मास्क (सोनं फक्त हव्या त्या जागी पडू देणारा पत्रा) लागेल. इथे चॅनेलची, म्हणजे सोर्स आणि ड्रेन या सोन्याच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीची, लांबी ५० मायक्रोमीटर आणि रुंदी १००० मायक्रोमीटर धरली आहे.

सोनं बाष्पित करायची सोय नसेल तर दोन वाटा आहेत. एक, आधीच सोन्याचे इलेक्ट्रोड छापलेल्या चिप्स विकत घेणं. ड्रेस्डेनच्या फ्राउनहोफर संस्थेच्या चिप्स जगभर वापरल्या जातात. त्यांचा ऑक्साइड २३० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे धारिता १५ नॅनोफॅरॅड धरावी लागते. त्यांच्यावर संरक्षक रेझिस्टचा थर असतो, तो आधी ॲसिटोनने पूर्ण काढा. दुसरी वाट आपल्याकडच्यांसाठी: आयआयटी मुंबईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सुविधा बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांनाही इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅममधून वापरता येतात.

धुणं

चिप टेफ्लॉनच्या स्टँडमध्ये उभ्या लावा. सोनिकेटरमध्ये १० मिनिटं ॲसिटोन, मग १० मिनिटं आयसोप्रोपिल. ॲसिटोनमधून काढलेली चिप हवेत वाळू देऊ नका, ओली असतानाच पुढच्या बीकरमध्ये टाका. ॲसिटोन झपाट्याने उडतं आणि त्यात विरघळलेला मळ जागेवरच ठेवून जातं. नंतर डीआयोनाइज्ड पाण्याने खळबळून नायट्रोजनने वाळवा आणि ११० अंशांच्या हॉटप्लेटवर ५ मिनिटं ठेवा. शेवटी १५ ते २० मिनिटं यूव्ही-ओझोन.

आता चिपच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो लगेच पसरून जवळपास दिसेनासा व्हायला हवा. थेंब भिंगासारखा फुगून बसला तर वर अजून सेंद्रिय मळ आहे, पुन्हा ओझोन द्या. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि ती टाळल्यामुळे वाया गेलेले आठवडे कुणी मोजत नाही.

पृष्ठभाग: खरं काम इथे आहे

ओझोननंतर ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल गट दाट उभे असतात. ते पाणी धरून ठेवतात, वाहते प्रभार अडकवतात आणि पॉलिमरच्या साखळ्यांना नीट उभं राहू देत नाहीत. ओटीएसचा रेणू या गटांशी रासायनिक बंध करतो आणि पृष्ठभागावर १८ कार्बनच्या शेपट्यांचं रान उभं करतो. त्यावर पी३एचटीच्या हेक्झिल शेपट्या आनंदाने टेकतात आणि साखळी कडेवर उभी राहते.

फ्यूम हूडमध्ये काचेच्या कोरड्या भांड्यात २० मिलिलिटर निर्जल टोल्युइन घ्या. त्यात ७९ मायक्रोलिटर ओटीएस टाका. हे १० मिलिमोलर द्रावण होतं. चिप्स बुडवा, झाकण ठेवा, ६० अंशांवर ३० मिनिटं. बाहेर काढल्यावर ताज्या टोल्युइनमध्ये ५ मिनिटं सोनिकेट करा, आयसोप्रोपिलने धुवा, वाळवा आणि ११० अंशांवर १० मिनिटं भाजा.

शत्रू एकच: पाणी. ओटीएस पाण्याशी झटपट क्रिया करून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं आणि आपसांतच जुळून गुठळ्या बनवतं. द्रावण दुधाळ दिसू लागलं की ते फेकायचं, त्यात चिप घालायची नाही. गुठळ्या पृष्ठभागावर बसल्या की सूक्ष्मदर्शकात पांढरे ठिपके दिसतात आणि त्यांच्यावर पॉलिमरचा थर फाटतो. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या हवेत हे काम जवळपास अशक्यच. ग्लव्हबॉक्समध्ये करा, नाहीतर त्या दिवसांत ओटीएसऐवजी एचएमडीएस (हेक्झामिथाइलडायसिलाझेन) वापरा. त्याची वाफ गरम चिपवर दिली की भागतं, ओलावाही ते बऱ्यापैकी सहन करतं. मोबिलिटी थोडी कमी मिळेल, पण रोज सारखी मिळेल.

जमलं का ते पुन्हा थेंबच सांगतो. ५ मायक्रोलिटर पाण्याचा थेंब ठेवा आणि फोनचा कॅमेरा चिपच्या पातळीत आणून बाजूने फोटो काढा. थेंब अर्धगोलापेक्षा उंच, तळाशी आत वळलेला दिसायला हवा, जणू अळवाच्या पानावरचा थेंब. कोन १०० अंशांच्या वर असेल तर थर चांगला. ९० च्या खाली असेल तर चिप पुन्हा धुण्यापासून सुरू करा. वरून दुसरा हात मारून हे सुधारत नाही.

उरलेलं द्रावण हूडमध्येच जास्तीच्या आयसोप्रोपिलमध्ये थेंब थेंब ओता. आम्लाची वाफ निघते, म्हणून बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावू नका.

द्रावण

२ मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये १० मिलिग्रॅम पी३एचटी, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. काचेची बाटली घट्ट बंद करून ४५ ते ५० अंशांवर अर्धा-एक तास ढवळा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांवर उकळतं, त्याच्या जवळ जाऊ नका. नीट विरघळलेलं द्रावण उजेडासमोर स्वच्छ नारिंगी दिसतं. काचेच्या कडेला जांभळट कण दिसले तर विरघळणं पूर्ण झालेलं नाही.

गाळताना सिरिंज काचेची घ्या, किंवा रबरी दट्ट्या नसलेली पॉलिप्रॉपिलीनची. साध्या सिरिंजच्या रबराला सिलिकॉन तेल लावलेलं असतं आणि क्लोरोफॉर्म ते लगेच ओढून घेतं. मग थरात वर्तुळाकार छिद्रं पडतात आणि दोष बिचाऱ्या ओटीएसला दिला जातो. पॉलिस्टायरीनची भांडी तर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतातच.

गाळलेलं द्रावण बंद बाटलीत २ ते ३ मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवलं तर त्याचा नारिंगी रंग गडद होत तपकिरी-जांभळट होतो. साखळ्या एकमेकींवर रचल्या जाऊ लागल्याची ही खूण. जॉर्जिया टेकमधल्या गटाने या साध्या युक्तीने मोबिलिटी बरीच वाढते हे दाखवलं आहे. दुसरा मार्ग म्हणजे २ टक्के ट्रायक्लोरोबेंझीन मिसळणं. ते २१४ अंशांवर उकळत असल्यामुळे थर सावकाश वाळतो आणि साखळ्यांना रचायला वेळ मिळतो. दोन्ही एकदम करू नका. आधी साध्या द्रावणाचा आकडा हाती घ्या, मग एकेक बदल करा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

क्लोरोफॉर्म नायट्राइलच्या हातमोज्यातून मिनिटा-दोन मिनिटांत आत येतं. थेंब पडला की मोजा लगेच बदला. आणि एक गोष्ट कडकपणे पाळा: क्लोरोफॉर्मचा टाकाऊ साठा ॲसिटोनच्या बाटलीत कधीही ओतू नका. थोडा जरी अल्कली सोबत असला तर या दोघांची क्रिया स्फोटक होऊ शकते.

थर पसरणं

ओटीएसवर सगळं नकोसं होतं, त्यात आपलं द्रावणही आलं. स्पिन कोटरवर चिप फिरू लागली की द्रावण एका बाजूला गोळा होऊन उडून जातं आणि चिप कोरडी राहते. यावर उपाय वेगाचा आहे. चिप स्थिर असताना १०० मायक्रोलिटर एकदम टाका, चारही कोपरे भिजले पाहिजेत, आणि दोन सेकंदांच्या आत मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सुरू करा, एकूण ६० सेकंद. वेग हळूहळू वाढवत नेऊ नका, पूर्ण वेग लगेच द्या. क्लोरोफॉर्म काही सेकंदांतच वाळतं. तरीही थर धरत नसेल तर १८ कार्बनऐवजी ८ कार्बनचा ऑक्टिलट्रायक्लोरोसिलेन वापरून पाहा.

३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा स्वतःचाच रंग निळसर-जांभळा असतो, त्यामुळे त्यावर थराचा रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी काचेच्या एका तुकड्यावरही तोच थर टाका. काचेवर तो जांभळट-लाल दिसायला हवा. नारिंगीकडे झुकला तर साखळ्या विस्कळीत आहेत. स्पेक्ट्रोमीटर असेल तर ५५५ नॅनोमीटरचं शिखर आणि ६०५ नॅनोमीटरचा खांदा पाहा. खांदा जितका उंच, तितकी रचना चांगली.

आता चिपच्या चारही कडांवरचा २ मिलिमीटर पट्टा क्लोरोफॉर्ममध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढा. कडेवरून खाली ओघळलेला पॉलिमर थेट सिलिकॉनला टेकतो, आणि गेटमधून होणाऱ्या गळतीचं हे फार मोठं कारण असतं.

नायट्रोजनमध्ये १२० अंशांवर ३० मिनिटं भाजा आणि प्लेटवरच सावकाश थंड होऊ द्या. भाजण्याने उरलेलं सॉल्व्हंट जातं, रचना सुधारते, आणि हवेतला ऑक्सिजन थरात शिरला असेल तर तोही बराचसा निघतो.

सोनं

मास्क चिपला घट्ट टेकलेला हवा. फट राहिली की सोनं कडेखाली पसरतं आणि ५० मायक्रोमीटरचा चॅनेल ४० चा होतो. मग मोबिलिटीच्या गणितात २५ टक्के खोटी भर पडते. म्हणून मास्कवर लिहिलेली लांबी वापरू नका, प्रत्येक चॅनेल सूक्ष्मदर्शकाखाली मोजा.

दाब एका मिलिबारच्या दशलक्षांशाच्या आसपास आला की सुरू करा. पहिले ५ नॅनोमीटर सेकंदाला ०.०३ नॅनोमीटर या वेगाने, नंतर ०.१, एकूण ५० नॅनोमीटर. सुरुवातीलाच वेग वाढवला तर तापलेलं सोनं मऊ पॉलिमरमध्ये घुसतं. काचेवर सोनं चिकटावं म्हणून क्रोमियम देतात, ते इथे नको. पॉलिमरवर सोनं तसंच धरतं आणि क्रोमियममुळे संपर्क बिघडतो.

गेटसाठी एका कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाने ऑक्साइड खरवडून सिलिकॉन उघडा आणि तिथे चांदीची पेस्ट लावा. शेवटी सुईच्या टोकाने प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवतीचा पॉलिमर चौकोनात खरवडून तो शेजाऱ्यापासून वेगळा करा. हे केलं नाही तर बाजूच्या भागातूनही प्रवाह वाहतो, रुंदी कागदावर १००० आणि प्रत्यक्षात जास्त होते, आणि मोबिलिटी फुगते. वर सांगितलेला ०.५ चा आकडा पुष्कळदा इथूनच येतो.

मोजमाप

अंधारात आणि शक्यतो नायट्रोजनमध्ये मोजा. सोर्स जमिनीला. ड्रेन उणे ६० व्होल्ट. गेट अधिक २० पासून उणे ६० पर्यंत एकेका व्होल्टच्या पायऱ्यांनी न्या आणि त्याच वाटेने परत आणा. गेटचा प्रवाह प्रत्येक वेळी नोंदवा. ड्रेनच्या प्रवाहापेक्षा तो किमान शंभरपट कमी असेल तरच पुढचं गणित करण्यात अर्थ आहे.

ड्रेन प्रवाहाचं वर्गमूळ गेट व्होल्टेजसमोर काढा. सरळ भागाच्या उताराचा वर्ग करा, त्याला लांबीच्या दुपटीने गुणा आणि रुंदी व धारितेच्या गुणाकाराने भागा. उदाहरणार्थ, उतार व्होल्टला ०.००००४८ (अँपिअरच्या वर्गमुळात) असेल, तर ५० आणि १००० मायक्रोमीटरच्या चॅनेलसाठी मोबिलिटी ०.०२ येते. अशा ट्रान्झिस्टरमध्ये थ्रेशोल्डच्या (ज्या गेट व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होतो त्याच्या) ५० व्होल्ट पलीकडे सुमारे ५.८ मायक्रोअँपिअर वाहायला हवेत. मोजलेला प्रवाह याच्याशी जुळत नसेल तर रेषा चुकीच्या भागावर बसवली आहे. काही आलेखांत सुरुवातीला चढण तीव्र असते आणि पुढे उतार मावळतो. त्या तीव्र भागावर रेषा बसवली की मोबिलिटी अनेकपट खोटी येते, कारण तिथे संपर्काचा रोध बदलत असतो. पूर्ण पल्ल्यात उतार किती टिकतो हेही आकड्यासोबत लिहा. एका उत्तम ट्रान्झिस्टरपेक्षा दहांची सरासरी आणि पसारा जास्त कामाचा.

बिघाड आणि त्यांची मुळं

गेट अधिक २० वर असतानाही ड्रेनमधून प्रवाह वाहतो, ट्रान्झिस्टर बंदच होत नाही: थराला ऑक्सिजन लागला आहे. पी३एचटीची होमो पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची ऊर्जापातळी) उणे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असल्यामुळे तो हवेत सहज डोप होतो. निर्वातात १२० अंशांवर काही तास ठेवून पुन्हा मोजा. बऱ्याचदा चिप वाचते.

ड्रेन व्होल्टेज वाढवत नेताना शून्याजवळ आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो: संपर्काचा रोध. सोन्याखालचा थर जाड झाला आहे किंवा सोनं घाईत टाकलं आहे. छापील चिप्सवर हा दोष जास्त दिसतो, कारण हवा लागलेल्या सोन्याचं वर्क फंक्शन (त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ४.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास घसरतं. पॉलिमर टाकण्याआधी सोन्यावर पेंटाफ्लुओरोथायोफिनॉलचा थर दिला की ते पुन्हा वर जातं.

आलेख शून्यातून जातच नाहीत: गेट गळतो आहे. आधी कडा पुसल्या होत्या का ते पाहा, मग प्रोबच्या सुईने पॅडमधून ऑक्साइडला इजा झाली का ते. जाताना आणि येताना आलेख वेगवेगळे पडतात: ऑक्साइडवर पाणी किंवा उघडे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ओटीएसचा थर अपुरा. थेंबाचा जुना फोटो काढून पाहा.

सगळं ठीक असून मोबिलिटी ०.०००१ च्या पुढे जात नसेल तर क्रमाने तीन गोष्टी तपासा: थेंबाचा कोन, काचेवरच्या थराचा रंग, पॉलिमरची बॅच. याच क्रमाने, कारण पहिल्याला दोन मिनिटं लागतात आणि तिसऱ्याला नवी बाटली.

चिप साठवायची तर नायट्रोजनमध्ये, अंधारात. मोजून झालेल्या चिप्स फेकू नका. दोन आठवड्यांनी त्याच चिपवर तेच मोजमाप पुन्हा घेतलं की थ्रेशोल्ड किती सरकला ते कळतं. पुढे डीपीपी-डीटीटीसारख्या, हवेत जास्त टिकणाऱ्या पॉलिमरकडे वळाल तेव्हा तुलनेला हाच आकडा लागेल.